आत्ता नको

माईच्या डब्यात एकच पाटली होती. पाटल्या जोडीनं असतात, म्हणून लहानपणी मला वाटायचं की दुसरी हरवली असणार आणि हरवलेल्या दागिन्याबद्दल घरात बोलायचं नसतं. पाटलीखाली एक पातळ, पिवळा पडलेला कागद घडी करून ठेवलेला असे. ती पावती होती, राष्ट्रीय संरक्षण निधीची, १९६२ सालची. माईच्या नावात एक अक्षर चुकलेलं आणि पुढे वजन: २३ ग्रॅम ३०० मिलिग्रॅम.

त्या ग्रॅमवर माईचा शेवटपर्यंत राग. "मी दोन तोळे दिले होते. कागदावर भलतंच काहीतरी लिहून दिलं." मी बँकेत लागल्यावर तिला गणित मांडून दाखवलं, की दोन तोळ्यांचे तेवढेच ग्रॅम होतात, माई. तिनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "होत असतील. पण तेव्हा विचारायला गेले तर अण्णा म्हणाले, आत्ता नको."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. पाटल्या दोन्ही द्याव्यात असं त्यांचं म्हणणं होतं. ग्वाल्हेरच्या बाड्यावर, म्हणजे भर चौकात, मांडव घातला होता, टेबलामागे खादीतले लोक बसलेले, समोर बायकांची रांग. माई घरून दोन्ही हातांत एकेक घालून निघाली आणि टेबलापाशी पोचल्यावर डाव्या हातातली काढून दिली. उजवी काढलीच नाही. अण्णा मागे उभे होते, चार लोकांत काही बोलता येईना. घरी आल्यावर म्हणाले, "देशासाठी अर्धं देतात का?" त्यावर माई काय म्हणाली ते दर वेळी वेगळं सांगितलं जाई, त्यामुळे ते मी लिहीत नाही.

आम्ही राहतो त्या भागाचं नावच लष्कर. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला तो पुन्हा उठलाच नाही; राहुट्यांची घरं झाली, घरांचे वाडे झाले. कंपू, छावणी, अमक्याची गोठ, तमक्याची गोठ, ही आमच्या मोहल्ल्यांची नावं. आमचं घराणं फौजेबरोबर आलं खरं, पण तलवार कधी कोणी धरली नाही. बोरू धरला. किती घोडे, किती दाणा, किती पगार थकला, हे लिहिणारी माणसं आम्ही. अण्णांपर्यंत तेच चाललं होतं. आधी संस्थानच्या हिशेब खात्यात आणि मग एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकारांच्या कचेरीत. सरकारी खर्चाच्या कागदांवर लाल पेन्सिलीनं शंका काढणं हा त्यांचा रोजचा उद्योग. शंका काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं म्हणतात. आणि हाच माणूस ऑक्टोबर १९६२ मध्ये घरात सांगत होता, की हिशेबाची ही वेळ नव्हे.

सांगत होता कोणाला, तर बाळकाकाला. बाळकाका बाबांचा धाकटा भाऊ, तेव्हा बावीस वर्षांचा. व्हिक्टोरिया कॉलेजचं नाव बदलून महाराणी लक्ष्मीबाई कॉलेज झालं होतं, तिथे तो शिकत होता आणि संध्याकाळी संघाच्या शाखेवर जात होता. अण्णा नेहरूंचे. नुसते काँग्रेसचे नव्हेत, नेहरूंचे. दोन्हींत त्या पिढीत फरक होता. दोघांच्या मध्ये एक मर्फी रेडिओ.

१२ ऑक्टोबरला सिलोनला जाता जाता नेहरूंनी पत्रकारांना सांगून टाकलं होतं, की चिन्यांना आपल्या हद्दीतून हाकलायचा हुकूम सैन्याला दिलेला आहे. आठच दिवसांत, २० तारखेला पहाटे, चीननं नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचलातल्या, नामका चू नदीच्या काठावर आणि लडाखमध्ये एकाच वेळी हल्ला केला. आपली माणसं सुती कपड्यांत, मोजक्या काडतुसांनिशी, डोंगराच्या चुकीच्या बाजूला बसवलेली. हे सगळं पुढे बाहेर आलं. तेव्हा रेडिओवर एवढंच यायचं, की जवान शौर्यानं लढत आहेत आणि अमुक ठाणं सोडावं लागलं.

अण्णांनी वर्तमानपत्रातला नेफाचा नकाशा कापून फडताळाच्या दाराला आतून डकवला होता. तो अजून तिथेच आहे, वर दोनदा रंग दिला तरी कडा दिसतात. त्यावर त्यांची ऑफिसातली लाल पेन्सिल. तवांगभोवती एक गोल. मग खाली से ला खिंडीभोवती गोल. मग बोमदिला. शेवटच्या गोलाला कागद फाटलाय, इतकी दाबून ओढलीय पेन्सिल. लहानपणी आम्ही भावंडं त्या भोकात बोट घालायचो आणि आईचा मार खायचो.

बाळकाकाचं म्हणणं एकच होतं. लढाई चालू असताना विचारायचं नाही, मग विचारायचं कधी, सगळे मेल्यावर? त्याला त्या दिवसांत जोर चढला होता तो अटलजींमुळे. ग्वाल्हेरचा माणूस, शिंदे की छावणीतला, गोरखी शाळेत शिकलेला. सदतीस वर्षांचे होते, त्या वर्षी लोकसभेला बलरामपूरहून पडून राज्यसभेवर आलेले. जनसंघाचे खासदार मोजकेच. त्यांनी युद्ध चालू असताना पंतप्रधानांकडे जाऊन मागणी केली, की संसदेचं अधिवेशन बोलवा, आम्हाला बोलायचंय. आणि नेहरूंनी बोलावलं. ठरलेलं हिवाळी अधिवेशन अलीकडे ओढून ८ नोव्हेंबरला सुरू केलं. लक्ष्मीमल सिंघवी नावाच्या अपक्ष खासदारानं सुचवलं, की मामला नाजूक आहे तेव्हा बैठक गुप्त ठेवावी. नेहरूंनी तेही नाकारलं. एकट्या लोकसभेत दीडशेहून जास्त माणसं बोलली, स्वतःच्या पक्षातली माणसंसुद्धा तिखट बोलली. कृष्ण मेनन तर त्याआधीच गेले होते: ३१ ऑक्टोबरला संरक्षण खातं काढून घेतलं आणि आठवड्याभरात मंत्रिमंडळातूनच बाहेर.

अण्णांचं उत्तर तयार असे. "घराला आग लागली असताना विहीर कोणी खणली आणि किती पैसे खाल्ले, हे विचारत बसतोस? आधी पाणी ओत."

"पाणीच नाहीये अण्णा, तेच तर विचारतोय," असं बाळकाका म्हणाला आणि अण्णांनी आयुष्यात एकदाच त्याच्यावर हात उगारला. मारलं नाही. हात तसाच खाली आला आणि त्यांनी रेडिओची कळ फिरवली. हे मला बाबांनी सांगितलं. बाबा तेव्हा सव्वीसचे, नवी नोकरी, नवं लग्न, ते गप्प.

मला आता वाटतं ते असं, की त्या घरात दोन वेगळे प्रश्न होते आणि भांडण मात्र एकाच प्रश्नावर चाललं होतं. लढाई कशी लढवली, यावर बाप-लेकाची जुंपलेली. लढाई का झाली, यावर दोघांचं एकमत. इतकं की तो प्रश्न आहे हेच त्यांच्या गावी नव्हतं. तो एकदाच विचारला गेला, तोही माईकडून. अक्साई चिनमध्ये गवताचं पातंही उगवत नाही असं नेहरू संसदेत बोलले होते, ते कधीतरी तिच्या कानावर पडलं होतं. चुलीपुढून तिनं विचारलं, "गवतही उगवत नाही तिथे माणसं कशाला पाठवली मग?" ज्या दोघांचं चार दिवस बोलणं बंद होतं ते दोघेही एकदम तिच्यावर उखडले. अण्णांना त्यात नेहरूंची थट्टा दिसली आणि बाळकाकाला मातृभूमीची. माईनं भाकरी उलटली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

आणखी एकदा त्यांचं एकमत झालं, २१ नोव्हेंबरला. चीननं आपणहून युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्रातून पत्रांतून, पाहुण्यांच्या तोंडून आमच्या घरापर्यंत आलं आणि अण्णांनी पेढे आणले म्हणे. दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्र सोडलेल्या माणसांना सह्याद्रीचं जरा जास्तच असतं. त्या पेढ्यांचा मला मात्र अचंबा वाटतो. १,३८३ सैनिक ठार झाले होते, पावणेचार हजारांहून जास्त चीनच्या कैदेत होते, आणि हे पेढे खात होते.

पुढचा भाग पेढ्यांइतका गोड नाही. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी त्या पराभवाची चौकशी करून १९६३ मध्ये अहवाल दिला. चौकशीही फक्त सैन्याच्या कारवाईची. दिल्लीतल्या निर्णयांना हात लावायचा नाही अशी तिची चौकट. आणि तो अहवाल बाहेर काढणं सुरक्षेच्या हिताचं नाही, असं लोकसभेत सांगितलं ते चव्हाणांनीच. कुलूप सह्याद्रीनं लावलं. ते आजतागायत आहे. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकारानं आपल्याकडचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला, तेव्हा विरोधी पक्षात असलेल्या अरुण जेटलींनी अहवाल दाबून ठेवण्यावर टीका केली होती. चार महिन्यांत ते स्वतः संरक्षणमंत्री झाले आणि राज्यसभेत उत्तर आलं, की अहवाल जाहीर करणं राष्ट्रहिताचं नाही. हे वाचलं तेव्हा मी एकटीच बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत हसत बसले होते. अण्णा असते तर त्यांनी या परिच्छेदावर लाल पेन्सिलीनं नुसती एक बरोबरची खूण केली असती.

आता १९९९. जूनचा महिना, लोणच्याच्या कैऱ्या घरात. आमच्याकडे कैऱ्या फोडायचं काम बाबांचं. पाटावर बसवलेला मोठा अडकित्ता, एक पाय पाटावर रोवलेला, आणि कोयीसकट फोडी. बाळकाका समोर खुर्चीत, निवृत्तीला आलेला, नगरपालिकेपासून लोकसभेपर्यंत प्रत्येक निवडणुकीत राबलेला. १९८४ मध्ये अटलजी इथेच माधवराव शिंद्यांकडून पडले तेव्हा दोन दिवस न जेवलेला. माई पंच्याऐंशीची, बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर. मी आणि आई फोडी पुसत होतो. टीव्ही चालू. कारगिलचं युद्ध हे आपल्याकडचं पहिलं टीव्हीवरचं युद्ध. तोफ उडताना दिसायची आणि मधेच साबणाची जाहिरात यायची.

आणि ग्वाल्हेरला तर ते घरचंच कार्य होतं. मिराज विमानं आमच्या महाराजपूरच्या तळावरची. तिथून ती पुढच्या तळांवर गेली होती आणि २४ जूनला टायगर हिलवर लेझरनं नेम धरून बाँब टाकला तो मिराजनंच. हवाईदलाचे प्रमुख टिपणीस. बाळकाका 'टिपणीस' हे आडनाव असं उच्चारायचा जणू तो आमच्याच गोठीतला मुलगा.

बाबा म्हणाले, "बासष्टला विमानं वापरली नाहीत म्हणून तू अण्णांना काय काय बोलला होतास. आता वापरलीत, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही म्हणे. हात बांधून लढायला लावलंय पोरांना." खट्. एक फोड.

"ते मुत्सद्देगिरीचं काम आहे. जग आपल्या बाजूनं उभं राहिलंय ते त्यामुळेच."

"फेब्रुवारीत बस घेऊन लाहोरला गेले होते. तेव्हा वर डोंगरात ते बंकर बांधत होते आणि आपल्याला पत्ता नाही. मे महिन्यात कळलं. ते कोणी पाहायचं होतं?" खट्.

"ह्याला वेळ असते रे दादा."

"मग राज्यसभा बोलवा ना. लोकसभा विसर्जित झालीय, मान्य. राज्यसभा तर कधीच विसर्जित होत नाही. विरोधक मागून राहिलेत. तुझ्याच अटलजींनी मागितलं होतं ना अधिवेशन, भर लढाईत?" इथे अडकित्ता इतक्या जोरात बसला की कोय फुटून तिचे तुकडे टीव्हीपर्यंत गेले. आई म्हणाली, अहो, लोणचं घालायचंय, चटणी नाही.

बाळकाका म्हणाला, "सर्वपक्षीय बैठका होतायत. सरकार काळजीवाहू आहे. आणि घराला आग लागली असताना हिशेब मागत बसतात का कोणी?"

माईची बंगई थांबली. तिला ऐकू कमी येत होतं, पण हे वाक्य बरोबर आलं. तिनं बाबांकडे पाहिलं, मग बाळकाकाकडे बराच वेळ पाहिलं. "अण्णांना जाऊन पंचवीस वर्षं झाली म्हणता तुम्ही," ती म्हणाली. "हे काय, बसलेत की खुर्चीत."

आम्ही सगळे हसलो. बाळकाकासुद्धा हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. चहा न घेताच गेला.

आता इथे मी माझी बाजूही सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी बंगईवर माईशेजारी बसून गंमत बघत होते. मी तेहतीसची होते. आमच्या शाखेत सैनिक निधीची पेटी ठेवली होती, ती माझ्या काउंटरवर होती. रिक्षावाले दोन-दोन रुपये टाकत. एक बाई रोज येऊन फक्त पेटीला हात लावून जायची; तिचा मुलगा वर होता, कुठे ते तिला माहीत नव्हतं. ते बघून घरी आलं की बाबांचं बोलणं मला असह्य व्हायचं. त्या रात्री मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुमचं बरोबर असेल, पण आत्ता नको."

बाबांनी मान डोलावली. नंतर त्यांनी विषय काढलाच नाही, आणि काढावा असं मीही कधी म्हटलं नाही. २६ जुलैला विजय जाहीर झाला, ५२७ जवान गेले होते. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली ती तीनच दिवसांत, २९ जुलैला. फेब्रुवारी २००० मध्ये तिचा अहवाल संसदेपुढे ठेवला, काही भाग काळे करून का होईना. हे श्रेय त्या सरकारला द्यायलाच हवं. बासष्टच्या कुलपाशी ताडून पाहिलं तर फारच मोठं. पण अहवाल आला तेव्हा निवडणूक होऊन चार महिने झाले होते, आणि आमच्या घरात तो कोणी वाचला नाही. बाबांना मी वाचनालयातून आणून देऊ का विचारलं. "आता काय उपयोग," म्हणाले. आत्ता नको आणि आता काय उपयोग, या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी विचारायची वेळ असणार. ती कोणत्या आठवड्यात येते हे मला अजून सापडलेलं नाही.

मराठी माणसाचा युद्धाबद्दल भांडायचा स्टॅमिना मात्र दांडगा. माझी आई इंदूरची. त्यामुळे आमच्याकडच्या कोणत्याही लग्नात जेवणाची दुसरी पंगत बसेपर्यंत पानिपत सुरू होतं. मल्हारराव होळकर मैदानातून निघून गेले की शहाणपणानं फौज वाचवली. भाऊसाहेबांनी बायकामाणसं, यात्रेकरू बरोबर घेऊन उत्तरेत जायलाच नको होतं. नजीबखानाला कोणी जिवंत सोडला. ग्वाल्हेरकर महादजींचा लंगडा पाय पुढे करणार, इंदूरकर म्हणणार तुमच्या दत्ताजींनी ऐकलं असतं तर. १४ जानेवारी १७६१ ला झालेल्या लढाईवर आम्ही मट्ठ्याच्या वाट्या हातात घेऊन एकमेकांचे गळे धरतो. तिथे 'आत्ता नको' कोणी म्हणत नाही. अडीचशे वर्षं झाली की हिशेबाला सगळे मोकळे.

उलट एका युद्धावर आमच्या घरात कधीच भांडण झालं नाही, आणि ते मला जास्त लागतं. १९८७ ते १९९० आपलं सैन्य श्रीलंकेत होतं. शांतिसेना म्हणून गेलं, ज्यांना वाचवायला गेलं त्यांच्यातल्याच तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, लढत बसलं, अकराशेहून जास्त जवान तिथे मेले. राजीव गांधींनी का पाठवलं, कोणाच्या सल्ल्यानं पाठवलं, सगळे प्रश्न होते. शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये मद्रासला परतली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. मी तेव्हा चोवीस वर्षांची, रोज पेपर वाचणारी. आमच्या घरात यावर एक शब्द बोलला गेल्याचं मला आठवत नाही. अण्णा नव्हते, बाबांना तो काँग्रेसचा अडचणीचा विषय होता, बाळकाकाला ते युद्धच वाटत नव्हतं. बर्फ नव्हता ना. जाफना फडताळाच्या नकाशावर नव्हतं.

माई २००३ मध्ये गेली, बाबा २००८ मध्ये. पाटली माझ्याकडे आली, पावतीसकट.

२६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे आमच्या तळावरून पुन्हा मिराज उडाली आणि बालाकोटला जाऊन आली. सकाळी बातमी फुटल्यावर आमच्या लष्कर भागातल्या प्रत्येक माणसानं रात्री आवाज ऐकलेला होता. दूधवाल्यानं ऐकला होता, भाजीवालीनं ऐकला होता. मी ऐकला नाही. मी झोपले होते हे कबूल करायला मला दुपारपर्यंत लाज वाटली. परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी निवेदन वाचलं, फार मोठ्या संख्येनं अतिरेकी मारले गेले असं. त्यावर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर फटाके, तिरंगे, सिंह. आणि पुण्याला आयटीत असलेल्या माझ्या भाच्याचा एक ओळीचा निरोप: "फार मोठी म्हणजे किती?"

बाळकाकाच्या मुलानं त्याला दहा मिनिटांत ग्रुपमधून काढलं. मी पाहिलं. टाइप करायला घेतलं, खोडलं, फोन पालथा ठेवला आणि भाजी चिरायला बसले. बेचाळीस माणसांच्या ग्रुपवर एकानंही काही लिहिलं नाही, म्हणजे मी एकटी नव्हते, एवढंच समाधान.

दुसऱ्याच दिवशी, २७ तारखेला, बडगामला हवाईदलाचं हेलिकॉप्टर पडलं. आतले सहाजण आणि खालचा एक गावकरी गेला. ते आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं, ती आपली मोठी चूक होती, हे हवाईदलप्रमुख भदौरियांनी जाहीरपणे सांगितलं ते ऑक्टोबरमध्ये. मधे लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती. भदौरिया सरळ बोलले, याबद्दल मला आदर आहे. पण त्या सात महिन्यांत कोणी हाच प्रश्न विचारला असता तर त्याचं काय झालं असतं, हे मला माझ्याच घरातून माहीत होतं. त्या रात्री मी भाच्याला फोन केला. हेलिकॉप्टरबद्दल बोलले, फेब्रुवारीत गप्प बसल्याबद्दल बोलले नाही. तो म्हणाला, "मावशी, मी पुरावा मागत नव्हतो गं. आकडा मागत होतो. आपलं खानदानच हिशेबाचं ना?"

त्याच्यावर मला हसू आलं, आणि बाळकाकाची आठवण आली. बावीस वर्षांच्या बाळकाकाची, जो मी पाहिलेलाच नाही.

लोक म्हणतात हा सगळा ढोंगीपणा आहे. सत्तेत असलं की एक, विरोधात असलं की दुसरं. असेलही. मला मात्र बाळकाकाला ढोंगी म्हणवत नाही. बासष्टला तो खरं बोलत होता आणि नव्याण्णवला त्याला खरोखर भीती वाटत होती, की आपल्या माणसाच्या हातातलं काहीतरी निसटेल. अण्णांनाही तीच वाटली असणार. ज्याला ती भीती नाही त्याला प्रश्न सुचतो, इतकं साधं ते असावं. म्हणून तर प्रश्न विचारणारा सहसा विरोधातला असतो आणि म्हणूनच त्याला ऐकून घ्यावं लागतं, त्याचा हेतू साजूक तुपातला नसला तरी. बाबांचा हेतू तरी कुठे होता? त्यांना अर्धा आनंद धाकट्या भावाला कोंडीत पकडल्याचा होता.

२०२५ च्या जूनमध्ये बाळकाकाकडे गेले होते. तेव्हा पंच्याऐंशीचा, एकटा बसतो, टीव्हीचा आवाज गल्लीत ऐकू जातो. 'ऑपरेशन सिंदूर' होऊन महिना झाला होता. ७ मेला सुरू झालं, १० मेला थांबलं. बातम्यांत सांगत होते, की सोळा विरोधी पक्षांनी पंतप्रधानांना पत्र लिहून संसदेचं विशेष अधिवेशन मागितलंय; आणि सरकार म्हणतंय पावसाळी अधिवेशन आहेच, २१ जुलैपासून. कोणीतरी पडद्यावर १९६२ चं उदाहरण दिलं, अटलजींचं नाव घेतलं.

बाळकाकानं रिमोट माझ्याकडे दिला. "आवाज कमी कर."

मी केला. त्यानं चष्मा काढून पंचाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

"हल्ला वीस ऑक्टोबरला झाला होता ना गं?"

"हो."

"आणि अधिवेशन?"

"आठ नोव्हेंबर."

तो बोटाच्या पेरांवर मोजायला लागला, माई मोजायची तसंच, अंगठा करंगळीच्या मुळाशी ठेवून. "एकोणीस," म्हणाला. "एकोणीस दिवसांत बोलावलं होतं म्हाताऱ्यानं." नेहरूंना त्यानं माझ्यासमोर पहिल्यांदाच नुसतं म्हातारा म्हटलं, आणि त्यात शिवी नव्हती.

"आणि आता किती होतात? सात मेपासून?"

"मोजू का?"

"थांब. मी मोजतो." तो पुन्हा करंगळीपासून सुरू झाला. मे संपवला. जूनमध्ये कुठेतरी बोट चुकलं, परत मागे आला. सूनबाई चहा घेऊन आल्या. त्यानं कप खाली ठेवायची खूण केली आणि ओठ हलवत, मान खाली घालून, पुन्हा पहिल्या पेरापासून धरलं.